परीक्षा कोण देतं, कोण घेतं?

गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सभागृहात पालकांचा मेळावा होता. विषय इंग्रजीचा, म्हणून मीही जाऊन बसलो. वक्ते तरुण होते, तयारीचे होते आणि मनापासून बोलत होते. तासाभरात त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द नको. मूल मराठीत विचार करून इंग्रजीत बोलतं तोवर त्याची इंग्रजी मोडकीच राहणार. घरातसुद्धा मराठी जमेल तेवढी कमी करा, मुलांना इंग्रजीतच विचार करायला लावा. पालक वहीत उतरवून घेत होते. माझ्या शेजारी बसलेल्या बाई गंगावेशीत भाजी विकतात. त्यांनी हळूच मला विचारलं, "आम्हाला तर येतच नाही ओ इंग्रजी. मग घरात पोराशी बोलायचंच नाही का?"

त्या बाईंना मी तिथंच सांगितलं, बोला, भरपूर बोला, मराठीतच बोला. पण सभागृहात दोनशे माणसं होती आणि बाकीच्यांना हे सांगणारं कोणी नव्हतं. करवीर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत मी 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या अनुभवावरून म्हणतो: वक्त्यांचं निदान चुकलेलं आहे आणि त्यांचं औषध मुलांना अपाय करणारं आहे.

त्यांनी पुराव्यादाखल एक वाक्य फळ्यावर लिहिलं होतं: 'आय विल गिव्ह माय एक्झाम टुमॉरो.' बघा, म्हणाले, मुलाच्या डोक्यात 'परीक्षा देणे' बसलंय, म्हणून ते 'गिव्ह' म्हणतं. इंग्रजीत परीक्षा 'टेक' करतात. मराठी डोक्यात नसती तर ही चूक झालीच नसती. सभागृहाला ते पटलं. त्यांनी निवडलेल्या ह्याच वाक्यावर मी बोलतो, कारण ते उलट साक्ष देतं.

ही चूक मीही हजारो वह्यांत पाहिली आहे. ती का होते? मुलानं मराठीची मदत घेतली म्हणून होते, हे अर्धंच उत्तर झालं. मदत घेताना त्याच्या शेजारी कोणी नव्हतं, हे उरलेलं अर्धं. 'टेक म्हणजे घेणे, गिव्ह म्हणजे देणे' एवढं गाइडमधून पाठ करून ते आलेलं असतं. मग 'परीक्षा देणे' समोर आल्यावर ते आपल्या हिशेबानं अगदी बरोबर जातं. वर्गात मराठीला बंदी घातली म्हणून ही मनातली उलथापालथ थांबत नाही. अकरा वर्षांच्या मुलाच्या मनातली भाषा शिक्षकाच्या हुकमानं बंद होत नसते. भाषांतर चालूच राहतं, फक्त ते शिक्षकाला ऐकू येईनासं होतं. आणि जी चूक ऐकूच येत नाही ती दुरुस्त कशी करणार? लाल शाईनं 'गिव्ह' खोडून वर 'टेक' लिहिलं की मूल तेवढं वाक्य पाठ करतं आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा तसंच अडखळतं.

एकदा सातवीच्या वर्गात मी ही गोष्ट मराठीत उघड बोललो. म्हणालो, आपण म्हणतो, सर परीक्षा घेतात आणि पोरं परीक्षा देतात. इंग्रजीत पोरं 'टेक' करतात आणि सर 'गिव्ह' करतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. "सर, ह्ये उलटं कसं काय ओ? परीक्षा तीच, मग देणारा-घेणारा कसा बदलला?"

एवढा चांगला प्रश्न मला बी.एड.च्या वर्गातसुद्धा कोणी विचारला नव्हता. आम्ही अख्खा तास त्यावर घालवला. इंग्रजीत परीक्षा म्हणजे जणू कागद. सर तो वाटतात, मूल तो हातात घेतं. मराठीत परीक्षा म्हणजे पारख. सोनार सोन्याची पारख घेतो तशी सर विद्येची घेतात, आणि मूल आपल्याजवळचं काय ते पुढं करून देतं. हा माझा वर्गातला उलगडा, व्युत्पत्तीच्या कसोटीला तो कितपत उतरेल तो उतरो. पण त्या वर्गातल्या कोणी पुढं 'गिव्ह एक्झाम' लिहिलेलं मला आठवत नाही. मराठी शेजारी ठेवली म्हणून चूक दिसली, आणि दिसली म्हणून गेली.

आता 'टेक' हे क्रियापद जरा जवळून पाहू. आईनं मला सीपीआर रुग्णालयात नेलं: 'टेक'. रंकाळ्यावर फोटो काढला: 'टेक'. गारगोटीला जायला दीड तास लागतो: 'टेक'. तापाची गोळी खाल्ली: 'टेक'. आंघोळ केली: 'टेक'. देवळाच्या दारात चपला काढल्या: 'टेक ऑफ'. उजळाईवाडीहून विमान उडालं: पुन्हा 'टेक ऑफ'. पोरगं अगदी बापावर गेलंय: 'टेक आफ्टर'. नेणे, काढणे, लागणे, खाणे, करणे, उडणे, जाणे. आठांतल्या एकाही वाक्यात 'घेणे' आलेलं नाही, आणि ही आठही वाक्यं रोजच्या बोलण्यातली आहेत. 'टेक म्हणजे घेणे' पाठ केलेलं मूल ह्या प्रत्येक ठिकाणी ठेचकाळणार.

वक्ते म्हणतील, आम्ही तरी काय वेगळं म्हणतो? म्हणूनच तर मराठी अर्थ नकोच! नाही. एका शब्दाला एक अर्थ चिकटवण्याची सवय वाईट आहे, ह्यात आपलं एकमत आहे. मीही पहिली काही वर्षं तसंच शिकवलं आणि ती माझी चूक होती. पण त्यावरचा उपाय मराठी हाकलण्याचा नव्हे, ती जास्त नीट वापरण्याचा आहे. कारण क्रियापद असं दहा दिशांना पसरतं ही गोष्ट मराठी मुलाला कोणी शिकवायचीच नसते. ती त्याला पाच वर्षांचं असल्यापासून येते.

'काढणे' घ्या. मी फळ्यावर तेवढा एक शब्द लिहून मुलांच्या हातात खडू दिला. पहिल्या मुलीनं लिहिलं, म्हशीची धार काढली. तिचे वडील पहाटे दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन येतात. मग रांग लागली. गुऱ्हाळात गूळ काढला. एस.टी.चं तिकीट काढलं. सोसायटीचं कर्ज काढलं. रांगोळी काढली, मिरवणूक काढली, सहल काढली. डॉक्टरनं रक्त काढलं. आजीनं दृष्ट काढली. दुपारी झोप काढली. मामाची आठवण काढली. रुसलेल्या बहिणीची समजूत काढली. सरांनी पेपर अवघड काढला. बाबांनी ते दिवस कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. हे शेवटचं वाक्य लिहिणारा मुलगा लिहून झाल्यावर जरा वेळ फळ्यापाशीच थांबला होता. फळा भरला तरी हात वर होते.

मग मी विचारलं, ह्यात 'काढणे' म्हणजे नेमकं काय? आतलं बाहेर आणणं म्हणावं तर धारेला आणि रक्ताला लागू पडतं, रांगोळीला पडत नाही. निर्माण करणं म्हणावं तर कर्जाला पडेल, झोपेला पडणार नाही. पोरं विचारात पडली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, जोडीनं कळतंय. काय काढलं ते कळलं की काढणं कळतंय." भाषाशास्त्राच्या पुस्तकात हेच पानंच्या पानं लिहिलेलं असतं. क्रियापदाचा अर्थ त्याच्या सोबत्यात असतो. सातवीतल्या मुलीनं ते आपल्या भाषेतून शोधलं. त्यानंतर 'टेक' शिकवायला मला दोन तास लागले, एरवी दोन महिने लागत. 'टेक' एकटा लिहायचाच नाही, सोबत्यासकट लिहायचा: 'टेक अ फोटो', 'टेक टाइम', 'टेक मेडिसिन'. आणि शेजारी मराठी वाक्य, तेही सोबत्यासकट. ज्या मुलीनं आपल्या 'काढणे'कडे असं पाहिलं तिला 'टेक'ची भीती उरत नाही. ही ताकद तिच्या मराठीतून आली आणि वक्ते नेमकी तीच वर्गाबाहेर ठेवायला सांगतात.

ही अडचण आपल्या एकट्याची आहे असं कोणी समजू नये. चिनी मुलगा औषध 'खातो', बस 'बसतो', आणि फोटो काढण्यासाठी त्याच्या भाषेत जे क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ थापटणे असा आहे. त्यालाही ह्या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'टेक' शिकावं लागतं. त्याच्या भाषेत 'मारणे' ह्या अर्थाचं एक क्रियापद आहे. त्यानं तो फोन करतो, छत्री धरतो, पाणी भरतो, लोकरीचा स्वेटर विणतो. आपणही फोन मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, चक्कर मारतो. 'उघडणे' ह्या क्रियापदानं तो दिवा लावतो, गाडी चालवतो आणि सभाही भरवतो, म्हणून इंग्रजीत तो 'ओपन द लाइट' म्हणून बसतो. 'गिव्ह एक्झाम' म्हणणारं आपलं पोर आणि तो एकाच बाकावरचे. दोघांनाही अक्कल कमी नाही. दोघांच्याही मागं भरलेली, वापरात घासून गुळगुळीत झालेली भाषा आहे.

चीनचं नाव निघालं म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. सी. के. ऑग्डेन ह्यांनी 1930 साली 'बेसिक इंग्लिश' मांडली. एकूण शब्द 850 आणि त्यांत क्रियापदं अवघी 18. 'टेक', 'गेट', 'पुट', 'गिव्ह', 'मेक' अशी निवडक. एवढ्यात सगळं बोलता येईल, असा दावा होता. त्यांचे सहकारी आय. ए. रिचर्ड्स पेकिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात शिकवून आले होते. त्यांनी चीनमध्ये ह्या इंग्रजीचा हिरिरीनं प्रसार केला, आणि 1937 च्या जपानी आक्रमणानं ते काम मोडलं. योजना बुद्धिमान माणसांची होती. पण तिच्यात हिशेबाची एक मोठी चूक होती. शब्द 850 मोजले, अर्थ मोजलेच नाहीत. 'टेक'ला 'ऑफ', 'अप', 'इन', 'ओव्हर', 'आफ्टर' जोडत गेलं की प्रत्येक जोडी हा नवा शब्दच असतो, आणि तो शिकणाऱ्यालाच शिकावा लागतो. उलट ढाक्यात नोकरी केलेल्या मायकेल वेस्ट ह्यांनी 1953 साली सुमारे 2000 शब्दांची यादी छापली आणि शब्दाचा कोणता अर्थ शंभरात किती वेळा येतो तेही नोंदवलं. आपल्याकडच्या वर्गांत वावरलेल्या माणसाला जे दिसलं ते हे होतं. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'रन' ह्या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले आहेत. ते कोणी पाठ करत नाही, इंग्रजसुद्धा नाही. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची जाहिरात करणाऱ्यांनी ह्या आकड्याकडे एकदा पाहावं.

वक्त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा दुसराच होता. तान्हं मूल भाषांतर न करता भाषा शिकतं, मग इंग्रजीही तशीच शिकवा. ऐकायला हे अगदी खरं वाटतं. पण हिशेब करून बघा. शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस ठरवले आहेत. रोज 35 मिनिटांचा एक तास धरला, एकही सुट्टी, सभा, स्पर्धा मध्ये आली नाही असं धरलं, आणि पहिली ते दहावी सगळ्या इयत्तांना हाच हिशेब लावला, तर वर्षाला 128 तास होतात. दहा वर्षांचे 1280. तान्हं मूल दिवसाचे दहा तास जागं असतं आणि सगळं घर त्याच्याशी बोलत असतं असं धरा. म्हणजे शाळेची दहा वर्षं मिळून त्या बाळाचे 128 दिवस झाले. सव्वाचार महिन्यांचं बाळ काय बोलतं, ते प्रत्येक आईला माहीत आहे. एवढ्या थोड्या वेळात शिकवायचं तर मुलाकडं आधीच असलेलं सगळं वापरावंच लागेल. आणि सातवीतलं मूल तान्हं नसतंच. त्याच्या डोक्यात एक पूर्ण भाषा नांदत असते. ती नाही असं समजून शिकवायचं म्हणजे पोहता येणाऱ्याचे हात बांधून त्याला पंचगंगेत सोडायचं.

मुलाची भाषा वर्गाबाहेर ठेवून शिकवण्याच्या ह्या 'थेट पद्धती'चा इतिहासही ध्यानात घ्यावा. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ ह्यांनी 1878 मध्ये अमेरिकेत आपली पहिली भाषाशाळा काढली. तिथले विद्यार्थी पैसे मोजून येणारे प्रौढ आणि शिक्षक ती भाषा घरात बोललेले. त्या जागी ती पद्धत चालली ह्यात नवल नाही. आपल्याकडंही ती शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली. 'रेन अँड मार्टिन' ह्या व्याकरणामुळं घराघरांत ठाऊक असलेले रेन मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते आणि तिचे कडवे पुरस्कर्ते होते. साठ मुलांच्या वर्गात, इंग्रजी पुस्तकातूनच शिकलेल्या शिक्षकाच्या हातात तिचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. शिक्षक त्याला येणारी पन्नास वाक्यं फिरवून फिरवून बोलतो, मुलं 'येस सर' म्हणतात, आणि दोघांनाही तास संपायची वाट असते.

एक गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवलेल्या पिढ्यांना इंग्रजी लिहिता आली, बोलता आली नाही. माझे वडील त्यांतलेच. अग्रलेख अचूक समजायचे आणि इंग्रजीत फोन आला की घाम फुटायचा. बोलण्याचा सराव हवा, रोज हवा, आणि त्या वेळेत इंग्रजीच हवी. पण त्या पाठमालेत एक गुण होता जो आज हरवला आहे: तिच्यात वाक्यासमोर वाक्य होतं. पुढं गाइडवाल्यांनी त्याचा शब्दासमोर शब्द केला आणि 'टेक म्हणजे घेणे' तिथून आलं. बदनामी मात्र भाषांतराची झाली. इंग्रज मराठी शिकले तेव्हा त्यांनी काय केलं? मोल्सवर्थनी शास्त्री-पंडितांना सोबत घेऊन मराठी-इंग्रजी कोश रचला. 1831 साली तो छापून निघाला, आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर गेले. इंग्रज राज्यकर्ता होता, हाती सत्ता होती, तरी मराठी शिकताना त्यानं आपली भाषा बाजूला ठेवली नाही. ती शेजारी मांडून घेतली. 'टेक' हा शब्दही मुळात इंग्रजांच्या घरचा नव्हे. तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आला आणि त्यानं 'निमन' हे जुनं इंग्रजी क्रियापद हुसकावून लावलं. दोन भाषा शेजारी नांदल्या की हे होतच असतं, त्यानं कोणती भाषा बुडत नाही.

राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि त्या निर्णयाच्या मी बाजूचा आहे. शाहू महाराजांनी ह्याच मातीत 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्यासाठी. त्याच घरांतल्या मुलांना आज इंग्रजी हवी आहे आणि ती मिळालीच पाहिजे. माझा राग आहे तो त्यांना ती शिकवण्याआधी त्यांच्या तोंडातली भाषा काढून घेण्यावर. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला तिच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल दहा रुपये दंड झाला. "मला लागलंय" एवढंच ती मैत्रिणीला म्हणाली होती. गुडघा फुटलेला होता. 'लागणे'ला इंग्रजीत काय म्हणायचं ते तिला येत नव्हतं. त्या क्षणी तिला ते शिकवायला किती सोपं होतं! कोणी शिकवलं नाही, पावती मात्र फाडली. तेव्हापासून ती शाळेत कमी बोलते, मराठीत आणि इंग्रजीतही.

भाजी विकणाऱ्या बाईंचा मुलगा आता संध्याकाळी माझ्याकडं येतो, आणखी सात-आठ मुलं असतात. वहीच्या एका पानावर 'टेक', समोरच्या पानावर मराठी. परवा त्यानं घरून एक वाक्य आणलं होतं. आई गिऱ्हाइकांना म्हणते, "जरा वेळ काढून या." त्यानं विचारलं, "सर, फोटो काढायला टेक चालतं, चपला काढायला चालतं, मग ह्याला टेक टाइम चालंल का?"

मी त्याला विचारलं, 'टेक टाइम' आपण कुठं लिहिलंय? त्यानं पान उलटलं. गारगोटीला दीड तास लागतो, तिथं. मग तोच म्हणाला, "म्हंजे टेक टाइम म्हटलं की वेळ लागतोय. काढायचा राहतोयच." मी 'मेक टाइम' सांगितलं. त्यानं 'काढणे'च्या खाली आईचं वाक्य लिहिलं, समोर 'मेक टाइम' लिहिलं, आणि 'मेक'साठी नवं पान आखायला घेतलं.